जज ड्रेडची दुसरी खेप : काय काढलं, काय ठेवलं आणि गल्ला तरी का बुडाला

कॉमिकवरचा एखादा सुपरहिरो सिनेमा फसतो आणि काही वर्षांनी तोच नायक नवा नट, नवा दिग्दर्शक घेऊन परत येतो. या रीबूट प्रकाराचा विषय निघाला की सगळे बॅटमॅनचं उदाहरण देतात. ते चुकीचं नाही, पण बॅटमॅनमागे वॉर्नर ब्रदर्स या बड्या स्टुडिओची तिजोरी होती. काम नेमकं कसं होतं ते बघायचं असेल तर २०१२ चा 'ड्रेड' जास्त कामाचा आहे. पैसा कमी असल्यामुळे त्यातल्या प्रत्येक निर्णयामागचं कारण उघडं दिसतं. शिवाय हा रीबूट सिनेमा म्हणून जमला आणि धंदा म्हणून बुडाला. या दोन्हींची कारणं वेगळी आहेत, पण चर्चेत ती नेहमी एकत्र कालवली जातात.

ड्रेड सुपरहिरो आहे का, यावर वाद घालता येतो. त्याला शक्ती नाहीत, तो सरकारी नोकर आहे. पण मुखवटा, गणवेश, छातीवरचा बिल्ला, स्वतःचं शहर आणि दशकानुदशकं जमलेले कट्टर वाचक हे सगळं आहे, त्यामुळे निर्मात्यापुढचे प्रश्न तेच असतात. पुढे शेवटासकट सगळं लिहिलं आहे. सिनेमा बघायचा राहिला असेल तर आधी बघून घ्या.

'२००० एडी' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या दुसऱ्या अंकात, मार्च १९७७ मध्ये, जज ड्रेड पहिल्यांदा छापून आला. हे पात्र घडवलं लेखक जॉन वॅग्नर आणि चित्रकार कार्लोस एझकेरा यांनी. अणुयुद्धानंतरची अमेरिका, पूर्व किनाऱ्यावर पसरलेलं मेगा-सिटी वन हे एकच अवाढव्य शहर, आणि पोलीस, न्यायाधीश, जल्लाद ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे. या चित्रकथेचे काही अलिखित नियम आहेत. ड्रेडचा चेहरा वाचकाला दिसत नाही. त्याचं वय खऱ्या काळाबरोबर वाढतं. आणि तो स्वतः विनोद करत नाही. विनोद असतो तो त्याच्या भोवतालच्या वेडसर शहरात. हा माणूस आदर्श आहे की धोक्याचा इशारा, हे कॉमिकनं मुद्दाम सोडवलेलं नाही.

१९९५ मध्ये बिघडलं कुठे

सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या 'जज ड्रेड'ला साधारण ९ कोटी डॉलर लागले. अमेरिकेत साडेतीन कोटींपेक्षा थोडे कमी आले, जगभरात मिळून सुमारे ११.३ कोटी. आकडा खर्चापेक्षा मोठा दिसतो म्हणून फसायचं नाही. तिकिटाच्या पैशातला ढोबळमानानं निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे राहतो. म्हणजे निर्मात्याच्या बाजूला पाच-सहा कोटी, आणि जाहिरातीचा खर्च त्या ९ कोटींच्या बाहेरचा.

चाहत्यांचं एक ठरलेलं उत्तर आहे : 'स्टॅलोननं हेल्मेट काढलं, म्हणून वाट लागली.' मला हे अर्धंच पटतं. हेल्मेट हे लक्षण आहे, आजार पटकथेत आहे. त्या कथेत ड्रेडवर खोटा खुनाचा आळ येतो, खटला चालतो, गणवेश काढून घेतला जातो, त्याला शहराबाहेर पाठवतात. निर्दोष माणूस अडकला आहे, त्याचा धक्का, त्याचं एकटेपण हे दाखवायचं तर चेहरा लागणारच. त्यामुळे अशी कथा घेतली तेव्हाच हेल्मेट गेलं. मोठ्या नटाच्या चेहऱ्याचे पैसे मोजले होते म्हणून ते गेलं, हेही खरंच. पण समजा स्टॅलोननं ते डोक्यावर ठेवलं असतं, तरी ती कथा चेहऱ्याशिवाय चालली नसती.

दुसरी चूक कोंबाकोंबीची. ९६ मिनिटांत इमारतींमधली दंगल, ड्रेडचा क्लोन-भाऊ रिको, वृद्ध मुख्य न्यायाधीशाची शापित भूमीकडची (म्हणजे शहराबाहेरच्या उजाड मुलखाकडची) अखेरची वाटचाल, तिथलं नरभक्षक एंजल कुटुंब, जेनस नावाचा क्लोनिंगचा गुप्त प्रकल्प, आणि वर त्याच साप्ताहिकातल्या वेगळ्याच मालिकेतून उचललेला रोबो. कॉमिकमध्ये एकट्या शापित भूमीची कथा १९७८ साली २५ अंक चालली होती. इथे तिच्या वाट्याला सिनेमाचा मधला तुकडा आला. ज्यांनी वाचलं होतं ते चिडले, ज्यांनी नव्हतं त्यांना कशाचा कशाला मेळ लागला नाही. त्यात जोडीला विनोदी साथीदार म्हणून रॉब श्नायडर. दिग्दर्शक डॅनी कॅननला गडद सिनेमा हवा होता, स्टॅलोनला हलकाफुलका. ही ओढाताण प्रसंगागणिक जाणवते.

चांगलंही होतं. शेपर्टन स्टुडिओत उभारलेलं शहर आजही बघावंसं आहे, रोबो खरोखर बांधलेला होता, आणि मुख्य न्यायाधीश झालेला मॅक्स फॉन सिडो तर कशातही शोभतो. गणवेश फॅशन डिझायनर जियानी व्हर्साचीनं केला होता. सोनेरी खांदे कॉमिकच्या पानावर रुबाबदार दिसतात. हाडामांसाच्या माणसावर तेच चढवले की मिरवणूक निघाल्यासारखी वाटते.

पटकथेतली वजाबाकी

पुढची पटकथा अ‍ॅलेक्स गारलँडनं लिहिली, आणि वॅग्नरला सल्लागार म्हणून सोबत घेतलं. गारलँडनं आधीचे मोठे आराखडे बाजूला सारले आणि एक साधी चौकट धरली : ड्रेडच्या नोकरीतला एक दिवस. जन्मकथा नाही, खटला नाही, जग वाचवणं नाही. एका नवख्या उमेदवाराची परीक्षा घ्यायची आहे आणि त्या दिवशी पहिलीच तक्रार आली ती तीन प्रेतांची.

ही उमेदवार म्हणजे अँडरसन (ऑलिव्हिया थर्लबी). ती मनं वाचू शकते, आणि अकादमीची परीक्षा थोडक्यात नापास झाली आहे. मला विचाराल तर अख्ख्या रीबूटमधला सगळ्यात हुशार निर्णय हाच. नायकाचा चेहरा ९५ मिनिटं दिसणार नसेल तर प्रेक्षकाला दुसरा चेहरा द्यावा लागतो. अँडरसन हेल्मेट घालत नाही, कारण त्यानं तिच्या मन वाचण्यात अडथळा येतो. एका वाक्यात कारण देऊन टाकलं. भीती, दया, चूक, शहाणपण हे सगळं तिच्या चेहऱ्यावर घडतं, आणि ड्रेडला बदलायची सक्ती उरत नाही. एरवी पटकथा लिहायला शिकवणारे सगळे सांगतात की नायकाचा प्रवास झाला पाहिजे. इथे प्रवास दुसरीला देऊन टाकला.

त्यातली बांधणी बघा. सुरुवातीलाच ड्रेड तिला नियम ऐकवतो : चुकीची शिक्षा सुनावलीस, नापास, माझी आज्ञा मोडलीस, नापास, हत्यार हातातून गेलं, नापास. पुढे तिचं पिस्तूल हिसकावलं जातंच. लॉगिव्हर नावाचं हे पिस्तूल ज्याचं त्यालाच चालतं, दुसऱ्यानं चाप ओढला की फुटतं, त्यामुळे हिसकावणाऱ्याचा हात जातो. मारामारीचा प्रसंग झाला, हत्याराचा नियम कळला आणि अँडरसन नापास झाली, हे सगळं एकाच ठिकाणी. आपण नापास झालो हे तिला तेव्हाच उमगतं. म्हणून नंतर टोळीच्या संगणकवाल्या पोराला ती स्वतःच्या हिमतीवर सोडून देते. आता गमवायला काही नाही. शेवटी मुख्य न्यायाधीश विचारतात तेव्हा ड्रेड एवढंच म्हणतो की ती पास आहे. नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेल्या माणसानं एक नियम वाकवला. त्याच्यातला सगळा बदल या एका उत्तरात उरकला आहे.

मग ड्रेड झालेल्या कार्ल अर्बनकडे अभिनयासाठी उरलं काय? हनुवटी, आवाज, मान वळवण्याचा वेग आणि चाल. त्यानं आवाज खरवडलेला आणि खालच्या पट्टीत ठेवला. 'कायदा म्हणजे मीच' हे वाक्य स्टॅलोन ओरडून म्हणतो. अर्बन तेच इमारतीच्या ध्वनिक्षेपकावरून, नोटीस वाचून दाखवावी तसं म्हणतो. दोन्ही दृश्यं लागोपाठ बघितली तर रीबूट म्हणजे काय यावर वेगळं लिहायची गरज पडणार नाही.

एक इमारत, कारण पैसे तेवढेच होते

नव्या सिनेमाचा खर्च ३ ते ४.५ कोटी डॉलरच्या दरम्यान सांगितला जातो. १७ वर्षांची महागाई धरली तर जुन्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत, केप टाऊन आणि जोहान्सबर्गला, नोव्हेंबर २०१० पासून. आणि कथा पीच ट्रीज नावाच्या २०० मजली इमारतीत कोंडलेली.

कोंडलेल्या कथेचा फायदा सरळ आहे. सामूहिक वसाहतीचे मजले एकसारखेच असणार, त्यामुळे एक मजला उभा केला की दिवे, दारं आणि भिंतीवरची रंगरंगोटी बदलून तो पुन्हा वापरता येतो. वरखालचं पोकळ अंगण हिरव्या पडद्यावर वाढवता येतं. पण अशा कथेचे दोन ठरलेले रोग आहेत. पहिला : बाहेरून मदत का येत नाही? इथे टोळीची म्होरकी मा-मा (लीना हेडी) इमारतीची स्फोटरोधक दारं बंद करवते आणि बाहेर कळवलं जातं की यंत्रणेची चाचणी चालू आहे. दारांमुळे रेडिओही बंद. दुसरा रोग : तासाभरानं तीच ती मारामारी कंटाळवाणी होते. त्यावर उपाय म्हणून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर चार जज आत येतात, आणि ते विकले गेलेले निघतात. शत्रू बदलला, तोही ड्रेडच्याच हत्यारांसकट. त्याच सुमारास ड्रेडच्या गोळ्या संपत येतात. गोळ्या मोजून ठेवणारा अ‍ॅक्शन सिनेमा दुर्मीळ. इथे त्या मोजलेल्या आहेत म्हणून ताण टिकतो.

हा सगळा आटापिटा अमली पदार्थासाठी. स्लो-मो नावाचं हे द्रव्य ओढलं की मेंदूला काळ नेहमीच्या १ टक्का वेगानं सरकतोय असं वाटतं. कल्पना गमतीची आहेच, पण तिनं एक व्यावहारिक अडचणही सोडवली. सिनेमा थ्रीडीत काढायचा होता, आणि थ्रीडीचं कारण कथेतच सापडलं.

१ टक्का म्हणजे किती फ्रेम

गणित सोपं आहे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. १ टक्का वेग हवा तर चित्रित करताना त्याच्या शंभरपट, म्हणजे सेकंदाला २,४०० फ्रेम. एका सेकंदाची घटना पडद्यावर १०० सेकंद चालते. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटलनं यासाठी फँटम फ्लेक्स हा अतिवेगवान कॅमेरा वापरला. नेहमीच्या दृश्यांना रेड आणि छोटा एसआय-२के हे कॅमेरे होते. डॉड मँटल म्हणजे तोच, ज्यानं याच एसआय-२केनं मुंबईच्या गल्ल्या 'स्लमडॉग मिलेनियर'मध्ये टिपल्या आणि २००९ चं ऑस्कर नेलं.

अडचण उजेडाची. २४ फ्रेमला नेहमीच्या शटरनं प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग मिळतो. २,४०० ला मिळतो चार हजार आठशेवा. म्हणजे उजेड शंभरपट कमी, साडेसहा स्टॉपहून थोडा जास्त तोटा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं). थ्रीडीच्या रिगमध्ये दोन कॅमेरे काटकोनात आणि मध्ये अर्धपारदर्शक आरसा असतो. तो आरसा निम्मा उजेड खातो, आणखी एक स्टॉप गेला. एकूण दोनशेपट. भिंग उघडून दोन-तीन स्टॉप परत मिळवता येतात, पण मग फोकसची खोली कमी होते आणि मागचं सगळं धूसर होतं. थ्रीडीत डोळा मागेही फिरतो, त्याला तिथे काहीतरी स्पष्ट लागतं. शटर पूर्ण उघडलं तर एक स्टॉप सुटतो, पण गोळीची धार जाते. उरलेली तूट दिव्यांनीच भरून काढावी लागते, नाहीतर उन्हात जावं लागतं.

दिवे लावले तरी ते कुठले, हा पुढचा प्रश्न. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. साध्या डोळ्याला ते कळत नाही. २,४०० फ्रेमला मात्र एक ठोका बरोबर २४ फ्रेमचा होतो, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला एकदा सगळी खोली धडधडताना दिसते. त्यासाठी डीसी पुरवठा, फ्लिकरमुक्त बॅलास्टवरचे दिवे किंवा जाड तंतूचे मोठे टंगस्टन लागतात. जाड तंतू ठोक्यांच्या मध्ये थंड व्हायला वेळ घेतो, म्हणून उजेड बराच स्थिर राहतो. छोटे शोभेचे दिवे चौकटीत आले की घात झालाच.

तिसरी भानगड साठवणीची. असा कॅमेरा इतका मजकूर सलग डिस्कवर लिहू शकत नाही. तो आपल्या मेमरीत काही सेकंद गोल-गोल भरत राहतो, जुनं पुसत, नवं लिहीत. म्हणून बटण घटना झाल्यावर दाबायचं असतं : आत्ता गेले ते सेकंद धरून ठेव. मग ते उतरवून घेईपर्यंत सेटवर सगळे थांबून. आणि थ्रीडीत दोन कॅमेरे असल्यानं दोघांचे फ्रेम एकाच क्षणी उघडले पाहिजेत. किंचित पुढेमागे झालं तर डाव्या डोळ्याला गालातून शिरलेली गोळी दिसते आणि उजव्याला अजून न शिरलेली.

एवढ्या कष्टाचं फळ पडद्यावर दिसतं. पाण्याचे थेंब, काचेचे तुकडे, थरथरणारी कातडी, सगळ्यावर इंद्रधनुषी चमक. एरवी सिनेमा राखाडी आणि घाणेरडा आहे, त्यामुळे ही दृश्यं सुंदर वाटतात आणि सुंदर वाटल्याची लाजही वाटते. संगीतकार पॉल लिओनर्ड-मॉर्गनला दिशा कशातून मिळाली असेल? जस्टिन बीबरचं एक गाणं कोणीतरी ८०० टक्के लांबवून इंटरनेटवर टाकलं होतं, त्यातून. खोटं वाटेल, पण खरं आहे.

शेवटी ड्रेड मा-माला तेच द्रव्य ओढायला लावून वरून खाली सोडतो. तिच्या मनगटावर यंत्र आहे : तिचं हृदय थांबलं की वरचे मजले उडतील. ड्रेडचा हिशेब असा की किलोमीटरभर काँक्रीटच्या तळातून सिग्नल वर पोचणार नाही. आता आपण आपला हिशेब करू. एक किलोमीटर पडायला हवेचा विरोध सोडला तर १४ सेकंद, विरोध धरला तर वीसच्या वर. शंभरानं गुणा. मा-माच्या मेंदूला ते पडणं अर्ध्या तासाहून जास्त वाटलं असणार. पडद्यावर त्यातला थोडाच भाग दाखवला आहे, आणि ज्यानं १ टक्का हा आकडा लक्षात ठेवला त्याला उरलेलं आपोआप कळतं.

शहर, गणवेश, गाडी

हे भराभर. कॉमिकमधलं शहर गच्च भरलेलं आहे. तसं संगणकावर उभं करायचं तर पैसे संपले असते. म्हणून जोहान्सबर्गची हवाई दृश्यं पाया म्हणून घेतली आणि जुन्या जगाच्या पसाऱ्यातून मधूनमधून वर आलेल्या महाकाय इमारती त्यावर चढवल्या. परिणाम उलट चांगला झाला : या शहरात खरंच कोणीतरी राहतंय असं वाटतं. व्हीएफएक्सचं मुख्य काम प्राइम फोकसच्या लंडन शाखेनं केलं, पर्यवेक्षक जॉन थम. मुंबईत गॅरेजमध्ये सुरू झालेली ही कंपनी. पैशातही मुंबईचा हात होता, कारण गुंतवणूक करणाऱ्या आयएम ग्लोबलमागे रिलायन्स होती.

गणवेश मायकेल ओ'कॉनरनं केला. मोटरसायकलस्वाराचं चामडी जाकीट आणि त्यावर चिलखत. खांद्यावरचा गरुड राहिला, पण आकार आटोक्यात. हेल्मेटही कॉमिकपेक्षा लहान केलं, नाहीतर माणसाचं डोकं भोपळ्याएवढं दिसतं. जजांच्या लॉमास्टर मोटरसायकली सुझुकी जीएसएक्स ७५० वर बांधल्या आणि त्या खरोखर चालत होत्या.

दिग्दर्शक म्हणून नाव पीट ट्रॅव्हिसचं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याला संकलनातून बाजूला केल्याच्या बातम्या आल्या, मग ट्रॅव्हिस आणि गारलँड दोघांनी मिळून निवेदन काढलं की आमची कामाची पद्धतच वेगळी ठरली होती. २०१८ मध्ये कार्ल अर्बन म्हणाला की दिग्दर्शनाचं श्रेय गारलँडला द्यायला हवं. पडद्यावर सूर एकच लागतो, १९९५ सारखी ओढाताण दिसत नाही, एवढं मात्र नक्की.

मग पैसे का आले नाहीत

ब्रिटनमध्ये ७ सप्टेंबर २०१२ ला लागला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत २१ सप्टेंबरला सुमारे अडीच हजार थिएटरांत लागला आणि पहिल्या तीन दिवसांत ६३ लाख डॉलर आले. थिएटरमागे अडीच हजार डॉलर. तिकीट सरासरी १० डॉलर धरलं आणि दिवसाला पाच खेळ, तर एका खेळाला सतरा-एक माणसं. अमेरिकेत शेवटी १.३४ कोटी, जगभरात साधारण ४.१ कोटी.

तेव्हा दिलेली कारणं तीन. एक, इंडोनेशियाचा 'द रेड' (The Raid) आधी लागला, त्यातही पोलीस एका इमारतीत अडकतात आणि मजला-मजला वर जातात. ड्रेडचं चित्रीकरण आधी झालं होतं. थ्रीडी आणि व्हीएफएक्सच्या कामात वेळ गेला आणि दुसरा नंबर लागला. समीक्षकांना याचं महत्त्व, सामान्य प्रेक्षकाला फारसं नाही. दोन, थ्रीडी. ब्रिटनमध्ये बहुतेक पडद्यांवर तो थ्रीडीतच होता. जादा तिकीट, प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आणि ओळखीचा तारा नाही, हे तिन्ही एकत्र म्हणजे पोरं बाहेर आणि मोठे साशंक.

तिसरं कारण मला सगळ्यात जड वाटतं : नाव. नावातून 'जज' काढून टाकलं तरी अमेरिकेतल्या प्रेक्षकाला त्या हेल्मेटखाली स्टॅलोनच आठवला. सिनेमा नव्यानं बांधता येतो, पण आधीच्या सिनेमाची उधारी नव्यालाच फेडावी लागते. बॅटमॅनचे पहिल्या तीन दिवसांचे अमेरिकेतले आकडे लावून बघा. १९९५ चा भाग ५.२८ कोटी डॉलर. १९९७ चा बदनाम भाग ४.२९ कोटी. २००५ चा नोलनचा रीबूट, ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, ४.८७ कोटी, म्हणजे दहा वर्षांत तिकिटं महागूनही १९९५ च्या खालीच. आणि २००८ चा पुढचा भाग १५.८४ कोटी. २००५ च्या सिनेमानं देणं फेडलं, २००८ च्या सिनेमानं फळ खाल्लं. हल्कचंही तेच : २००३ ला पहिल्या तीन दिवसांत ६.२१ कोटी, आणि २००८ ला, सिनेमा जास्त आवडूनही, ५.५४. उलट दिशेनंही हे चालतं. २०१६ च्या 'सुसाइड स्क्वॉड'नं जगभरात साधारण ७५ कोटी कमावले, पण लोक वैतागून बाहेर पडले. २०२१ चा कितीतरी सरस भाग १७ कोटींच्या आसपास अडकला. महामारी आणि घरबसल्या प्रदर्शन ही कारणं होतीच, पण तीच एकटी नव्हती.

फरक एवढाच की वॉर्नरला देणं फेडून पुढच्या भागापर्यंत थांबता आलं. ड्रेड स्वतंत्र निर्मिती होती. अशा सिनेमाचे हक्क देशोदेशीच्या वितरकांना आधीच विकून भांडवल उभं केलं जातं. त्यात जोखीम वाटली जाते, पण जाहिरात ज्याची त्यानं करायची, आणि नंतर कुठे पैसे सुटले तरी आधी त्या-त्या देशाच्या वितरकाची वसुली होते. निर्माते आधीच म्हणत होते की अमेरिकेत ५ कोटींच्या पुढे गेलो तर पुढचे भाग काढू. २०१३ च्या सुरुवातीला डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्क आली आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात लाखो प्रती खपल्या. म्हणजे लोकांना सिनेमा हवा होता, तिकीट काढण्याइतका भरवसा नव्हता. पण डिस्कच्या खपावर या मांडणीत दुसरा भाग उभा राहत नाही. चाहत्यांनी मोहीम काढली, '२००० एडी'नं तिला पाठिंबा दिला, पुढची कथा कॉमिकमध्ये छापून आली. सिनेमा आला नाही.

तिसऱ्या खेपेला

२०२५ मध्ये टायका वायटिटीच्या दिग्दर्शनाखाली नव्या जज ड्रेडची बातमी आली. वायटिटी म्हटल्यावर विनोद आला. त्याला हरकत नाही, कॉमिक विनोदीच आहे, फक्त विनोद शहराचा असावा, ड्रेडच्या तोंडी नको. हेल्मेट राहील, हे आता कोणाला सांगायची गरज नसावी. खर्च मात्र आवरावा. मोठं बजेट आलं की मोठा तारा येतो, आणि मोठा तारा आला की त्याचा चेहरा दाखवायची कथा लिहिली जाते.

आणि जज डेथला, म्हणजे कॉमिकमधल्या ड्रेडच्या शत्रूला, पहिल्याच भागात आणायचा मोह टाळावा. गारलँडच्या एका आधीच्या आराखड्यात तो होता, त्यानं तो टाकून दिला. जज डेथचं तर्कशास्त्र असं की सगळे गुन्हे जिवंत माणसंच करतात, म्हणून जगणं हाच गुन्हा. हे ड्रेडचंच विडंबन आहे, आणि मूळ माणूस ओळखीचा नसेल तर विडंबन कळत नाही. १९८० साली कॉमिकमध्ये तो आला तेव्हा ड्रेड वाचकांना तीन वर्षं माहीत होता. त्या कथेत डेथचा आत्मा अँडरसनच्या शरीरात शिरतो, ती त्याला आत धरून ठेवते आणि त्याच्यासकट तिला बोइंग (Boing) नावाच्या काल्पनिक प्लास्टिकमध्ये बंद करतात. हे दाखवायचं तर प्रेक्षकानं आधी एक अख्खा सिनेमा अँडरसनबरोबर घालवलेला हवा.